दोन सुताची पटाशी

प्रताप नगर, नागपूर
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. दीक्षा,

जय भीम आणि आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या आईचे गुडघे, खिडकीतला कूलर आणि मी, तिघंही जागच्या जागी आहोत. तू आणि कांतामावशी बऱ्या असाल. उमरेडला इथल्यापेक्षा थंडी जास्त पडते, सकाळी दुकानात जाताना कानाला बांधत जा.

आजच पत्र का, असं तू म्हणशील. पावणेदोन वर्षांत तू माझा फोन उचलला नाहीस, आणि व्हॉट्सअॅपवर माझं बोट एका अक्षराऐवजी तीन दाबतं. शिवाय गोष्ट अशी आहे की ती तुला सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. म्हणून मेघाच्या हाती देतो आहे. तुझ्या वर्गातली मेघा आता उमरेडच्या एसटीवर कंडक्टर झाली आहे, माहीतच असेल. काय रुबाब आहे तिचा! मला म्हणाली, "काका, पत्र देतो मी, पण वाचन का नाही तिची ती जाणे."

वाच बेटा. पांगुळगाडा सापडला!

तोच तुझा. खाली एक चाक, वर दोन जबडे. जबड्यात पटाशी आवळायची आणि दगडावर मागेपुढे ओढायची, म्हणजे हात कसाही हलला तरी धारेचा उतार बदलत नाही. तू ऑनलाइन मागवला होतास आणि मी पहिल्याच दिवशी त्याला पांगुळगाडा म्हटलं होतं. चालता न येणाऱ्या लेकरासाठी आपण लाकडाचे पांगुळगाडे करतो, तसा हा धार लावता न येणाऱ्या सुतारासाठी, असं. नंतर तुला सांगितलं की मी तो भंगारात फेकला. ते खोटं होतं. बिजागरीच्या स्क्रूच्या डब्यात तळाशी ठेवला होता. परवा स्क्रू शोधताना हाताला लागला.

आता तू हसशील, पण हस. मी दार लोटून घेतलं आणि तो वापरून पाहिला.

आधी इंची पटाशी लावली. चाळीस वेळा ओढली असेल. काय सांगू तुला! धारेत माझ्या मिशीचे पांढरे केस मोजता आले. मनगटावरचे केस काढून पाहिले, साबणाशिवाय निघाले. मग दुसऱ्या मनगटावरचे. आई म्हणाली, "सोललेल्या कोंबडीसारखे दिसून राहिले तुमचे हात, आता पायावर नका जाऊ." मी खूश! म्हटलं, चला, पोरीची वस्तू अगदीच टाकाऊ नाही.

मग घेतली दोन सुताची. पाव इंच रुंदीची, खाचा पाडायची, आपली बारीक पटाशी. आणि तिथे तुझा गाडा उताणा पडला! बारीक पटाशी जबड्यात धड बसतच नाही. आवळली तरी डुलते. मी धारेचा उतार निळ्या स्केचपेनने रंगवला होता, म्हणजे दगड कुठे घासतो ते दिसावं. वीस वेळा ओढून पाहिलं तर उजवा कोपरा चकचकीत आणि डावीकडची शाई जशीच्या तशी. म्हणजे धार तिरपी. सिद्ध झालं! रुंद पटाशीला गाडा ठीक, बारीक पटाशीला खोटा. तेव्हा मी जे बोललो ते अगदीच चूक नव्हतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

बाकी विशेष नाही. वाचनालयाच्या कपाटांबद्दल मी काही लिहीत नाही, तो विषय संपला. कपाटं उभी आहेत. दारं थोडी उचलून लावावी लागतात.

समितीचा दुर्गेश आला होता. पोरांना अभ्यासाला मोठं टेबल करायचं आहे, सागवानाचं. जाताना म्हणाला, "पण मिस्त्री, यावेळी तुम्हीच करा. पोरीले नका देऊ." मी त्याच्या कपाकडे बोट दाखवलं. चहा गार होत होता.

माझा डावा अंगठा चांगला आहे. थंडीत जरा आखडतो, इतकंच.

गाडा बारीक पटाशीला खोटा, हे तुझ्यासारख्या जाणकाराने लेखी मान्य करावं, अशी अपेक्षा.

तुझा बाबा,
अंकुश मिस्त्री


नागपूर
रविवार, १९ जानेवारी

माझी लाडकी दीक्षा,

जय भीम! तुझी चिठ्ठी मिळाली!

चार शब्द. "आधी गुण्या लावून पाहा." खाली तुझं नाव. ना जय भीम, ना बाबा, ना तब्येत कशी आहे. तरी मी ती बस स्टँडवर उभ्याउभ्या सहा वेळा वाचली. मेघा म्हणाली, "काका, बाजूले व्हा, गाडी लागून राहिली." घरी आलो तर आईने विचारलं, काय लिहिलं पोरीनं? मी म्हटलं, खूप लिहिलं आहे, कामाचं आहे, तुला समजणार नाही. तिने चिठ्ठी माझ्या खिशातून काढून वाचली आणि देव्हाऱ्यात, म्हणजे बुद्धाच्या फोटोमागे, ठेवून दिली. तिथे आपल्या घरातले फक्त महत्त्वाचे कागद असतात.

आता ऐक. मी आपला काटकोन पाहायचा गुण्या लावला.

गाड्यावर घासलेल्या बारीक पटाशीला लावला आणि खिडकीकडे धरून पाहिलं. गुण्याची पट्टी आणि धार यांच्यामध्ये उजव्या बाजूने उजेडाची रेघ. केसाएवढी, पण होती. म्हणजे धार काटकोनात नाही. मी तर नाचायलाच लागलो, की बघ, गाडा खोटा! मग इंची पटाशीला लावला. उजेड नाही. पाऊण इंचीला लावला. नाही. मग मात्र मी मुकाट्याने खाली बसलो. रुंद पटाशीला खरा आणि बारीक पटाशीला खोटा, असं एकच चाक कसं वागेल? चाक तर तेच आहे. म्हणजे गोम चाकात नाही, पकडीत आहे. जबड्यांना धरायला पुरेशी रुंदीच मिळत नाही, मग ज्या बोटाचा जोर जास्त, तिकडे पटाशी कलते.

हे मी आईला समजावत होतो. ती मेथी निवडत होती. मी म्हटलं, बारीक पटाशीला दोन्ही बाजूंनी लाकडाचा आधार पाहिजे, तिच्याच मापाची खाच असलेला. तर ती मान वर न करता म्हणाली, "मंग तो मामाजीचा ठोकळा घ्या ना कूलरखालचा."

"माझ्या बाबांचा? कोणता ठोकळा?"

"तुम्हीच तर लावला. कूलर डुलते म्हून. मामाजी पटाशी घासत तवा तो हातात राहायचा त्यांच्या. मी तवाच बोलली होती, काहून टाकता त्याले कूलरखाली. माहं कोण ऐकते?"

दीक्षा, बारा वर्षं! बारा उन्हाळे तो ठोकळा आपल्या कूलरच्या पायाखाली होता आणि आपण सगळे त्याच्यापुढे झोपलो! मी तसाच गेलो आणि स्टँड उचलून ठोकळा ओढला. टाकीत गेल्या जूनचं पाणी उरलं होतं ते सगळं माझ्या पायावर आलं. आई म्हणाली, "आता पुसा तुम्हीच." पुसलं.

बाभळीचा ठोकळा आहे. तळहाताएवढा, तेल पिऊन काळा झालेला. वरून खाली तिरपी खाच कोरलेली. खालची कड दगडावर घासून घासून गोल झाली आहे. मी दोन सुताची पटाशी त्या खाचेत सरकवली आणि ती अशी बसली की मला सोडवताना हातोडी घ्यावी लागली.

तुझे आजोबा धोंडबा! ज्यांना कोणी सुतारकी शिकवली नाही. गावातल्या सुताराने अंगणात उभं केलं नाही, तेव्हा कुंपणापलीकडून पाहून पाहून शिकले, आणि छप्पन साली दीक्षा घेतल्यावर गाव सोडून नागपूरला आले ते हत्यारांची पिशवी घेऊनच. त्यांचं नाव घेऊन मी आयुष्यभर सांगत फिरलो की आमच्या घरात धार फक्त हाताने लागते, टेकू कोणी घेतला नाही. आणि टेकू माझ्या कूलरखाली!

मी आईला विचारलं, मग मला त्यांनी कधी दाखवला का नाही? ती म्हणाली, "तुम्ही आले का ते पिशवीत टाकत. पोरगा हसन म्हणत."

माझे बाबा मला घाबरत होते, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं.

पण मग कामाला लागलो, कारण डोक्यात कल्पना आली होती आणि ती गप्प बसू देईना. जुन्या पलंगाची सागवानी पट्टी घेतली, बोटभर लांब, दोन बोटं रुंद. तिच्यात मधोमध दोन सुताची खाच पाडली. खाचेत पटाशी, आणि ती सगळी पट्टीच तुझ्या गाड्याच्या जबड्यात! आजोबांची खाच आणि नातीचं चाक! आवळली. डुलणं बंद. शाई लावली, ओढली, पुन्हा शाई लावली, ओढली. सगळा उतार एकसारखा पांढरा. गुण्या लावला. उजेड नाही! मी तुझ्या आईला "माया!" म्हणून इतक्या जोरात हाक मारली की शेजारच्या सोनिकाताई चप्पल न घालता धावत आल्या. त्यांना वाटलं मी पडलो. मी त्यांना गुण्या दाखवला. त्या म्हणाल्या, "काय दिसते याच्यात?" मी म्हटलं, "काहीच नाही दिसत, तेच तर!" त्या आईकडे पाहून गेल्या.

हे मी कोणाला सांगू, दीक्षा? या सगळ्या वस्तीत, या शहरात, मला सांगण्यासारखं माणूस कोण आहे? काहीच दिसत नाही याचा आनंद फक्त तुला कळेल.

मग मला भलताच जोर चढला. म्हटलं, आता शेवटचा पुरावा. तुला आठवत असेल, दोन सुताच्या पटाश्या आपल्याकडे दोन आहेत. दुसरी तू शेवटची हातात घेतली होतीस, वाचनालयात. तू ती तिथेच ठेवून गेलीस. मी ती घरी आणून फडक्यात गुंडाळली आणि पेटीत टाकली, ती कालपर्यंत उघडली नव्हती. तिची धार माझ्या हाताची. गाड्याने तिला शिवलेलं नाही. म्हटलं, हिला गुण्या लावतो आणि दीक्षाला लिहितो की बघ, बिनटेकूचा हात कसा असतो.

फडकं सोडलं. गुण्या लावला.

आई जेवायला बोलावते आहे. पत्र इथेच थांबवतो. सोबत खाच पाडलेली एक पट्टी पाठवतो, नमुना म्हणून.

तुझा बाबा,
अंकुश


नागपूर
सोमवार, २७ जानेवारी

प्रिय दीक्षा,

जय भीम. तू बरी असशील. आईने संक्रांतीचे तिळाचे लाडू राखून ठेवले होते, ते या डब्यात आहेत. तीन मेघाला दे, तिचे गेल्या वेळचे राहिले.

गेल्या पत्रात मी जेवायला गेलो असं लिहिलं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

त्या पटाशीच्या धारेखालून उजवीकडे उजेड येत होता. केसाएवढा नाही. नखाची कड जाईल इतका. मी गुण्या उलटा करून लावला, दुसरा गुण्या आणला, खिडकी बदलली. उजेड तिथेच. आणि ती कोणी घासली नव्हती, दीक्षा. ज्या दिवशी तू ती खाली ठेवलीस, त्या दिवशीची ती होती.

तुला सगळं माहीत आहे, तरी मी लिहितो, कारण मी ते एकदाही तोंडाने बोललो नाही.

चौदा एप्रिलला वाचनालयाचं उद्घाटन होतं. कपाटांच्या दारांच्या खाचा तू पाडत होतीस आणि मी तुला गाडा वापरायला मनाई केली होती. रोज सकाळी पटाशीला धार मी लावायचो आणि तुझ्या हातात द्यायचो. तू दोनदा म्हणालीस, "बाबा, पटाशी सरकून राहिली." मी म्हटलं, "पटाशी नाही सरकत वं, हात सरकते तुया." धार तिरपी असली की मोगरीच्या प्रत्येक ठोक्याला पटाशी एकीकडे जाते आणि जितकं खोल जावं तितकी जास्त जाते, हे मी स्वतः तुला तू पंधरा वर्षांची असताना शिकवलं होतं. अडीच इंच खोल खाचा सगळ्या एकाच बाजूला गेल्या. एकाच बाजूला! हात चुकला असता तर एक इकडे गेली असती, एक तिकडे. एवढंही मी पाहिलं नाही.

बारा तारखेला दारं बसवली आणि ती पिळलेली निघाली. समिती उभी होती, बायका उभ्या होत्या, दुर्गेश फोनवर फोटो काढत होता. आणि मी सगळ्यांच्या समोर म्हणालो, पांगुळगाड्यावर शिकलेल्या पोरीच्या हातून दुसरं काय होणार. लोक हसले. मी पण हसलो. तू मोगरी खाली ठेवलीस, पटाशी तिच्या शेजारी ठेवलीस आणि निघून गेलीस. आणि आता तू प्लायवूडच्या दुकानात काउंटरवर बसतेस आणि लाकडाला हात लावत नाहीस, असं मावशी सांगते. माझ्यामुळे. हे लिहायला मला दोन पत्रं लागली.

अंगठ्याचंही खोटं लिहिलं. थंडीचा काही संबंध नाही. स्कूटरवरून पडलो, त्या साली तो मोडला आणि वाकडा जुळला. तो दाबतच नाही. उजवी बाजू दगडावर जास्त दाबली जाते आणि मला ते कळत नाही, कारण डावीकडे काही लागतच नाही. गाड्यावरही उजवा कोपराच का चमकत होता, ते आता कळलं. मी गाड्याला शिव्या दिल्या.

हे सगळं मी आईला सांगितलं. वाटलं, ती रडेल किंवा मला चार शब्द बोलेल. ती म्हणाली, "दीक्षाले तवाच माहीत होतं."

मी म्हटलं, "काय माहीत होतं?"

"तुमचा अंगठा. ती मले म्हणे, आई, बाबाची धार उजवीकडे जाऊन राहिली, सरळ सांगितलं तर दुकान बंद करतीन. मी तो गाडा माह्यासाठी आणला म्हणतो. माह्या हातात पाहतीन, मंग आपोआप वापरतीन. मले शपथ घातली होती तिनं."

म्हणजे तो गाडा तू माझ्यासाठी आणला होतास.

माझी लाज राखायला तू तो स्वतःचा म्हणून सांगितलास, आणि मी त्याच गाड्यावरून चार लोकांत तुझी लाज काढली. तेव्हाही तू तोंड उघडलं नाहीस. एक वाक्य बोलली असतीस, की बाबाचा अंगठा चालत नाही, तर माझं दुकान त्या दिवशी संपलं असतं. तू बोलली नाहीस आणि तुझं संपलं.

माफ कर, असं मी इथे लिहिणार होतो. पण बोललो चारचौघांत, तर इथे एकट्याने कागदावर माफी मागून ते फिटत नाही. म्हणून काल काय झालं ते ऐक. आणि हे मी जरा ऐटीत सांगणार आहे, कारण खूप दिवसांनी मी एक काम सरळ केलं!

काल सव्वीस जानेवारी. वाचनालयासमोर झेंडावंदन झालं, संविधानाची उद्देशिका वाचून झाली. दुर्गेशने टेबलाची घोषणा करायला माइक माझ्या हातात दिला. मी माइक घेतला की लोक बूड टेकतात, हे तुला माहीतच आहे. मी खिशातून गुण्या काढला आणि फडक्यातून पटाशी काढली. म्हटलं, आधी इथे रांग लावा आणि एकेकाने यातून सूर्याकडे पाहा. दुर्गेश म्हणाला, "काय करून राहिले गा मिस्त्री, नाश्ता थंडा होऊन राहिला." मी म्हटलं, "होऊ दे. कपाट दोन वर्षं वाकडं आहे, नाश्ता पाच मिनिटं थांबन."

आणि लागली की रांग! म्हाताऱ्या आल्या, पोरं आली, समितीचे सगळे आले. प्रत्येकाने एक डोळा मिटून पाहिलं. सगळ्यांना उजेड दिसला. मग मी माइकवर सांगितलं. ही पटाशी माझी. धार माझी. माझा डावा अंगठा सहा वर्षांपासून मेलेला आहे आणि मी तो लपवला. खाचा या पटाशीने वाकड्या गेल्या. माझ्या पोरीने दोनदा सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. मी तिला तुमच्यासमोर हसलो, तुम्ही माझ्यासोबत हसले. आता तुमच्यासमोरच सांगतो, की माझं चुकलं.

झेंड्याची दोरी खांबावर वाजत होती तेवढीच. मग सोनिकाताई मागून म्हणाल्या, "म्हंजे दीक्षाचा हात सरळ होता?"

मी म्हटलं, "सरळच होता. तिचाच सरळ होता."

माझा आवाज फुटला तो माइकमधून चौकापर्यंत गेला. जाऊ दे. गेल्या वेळचा पण गेलाच होता.

दुर्गेशने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मंग टेबल कोणाले द्यायचं?" मी म्हटलं, "तिले विचारा. ती हो म्हणाली तर मी तिच्या हाताखाली लागतो. ती नाही म्हणाली तर दुसरा मिस्त्री पाहा." नंबर त्याच्याकडे आहे. त्याचा फोन उचल, माझा नाही उचलला तरी चालेल. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, तो तुझा हक्क आहे आणि मी त्यावर पत्र लिहिणार नाही.

कपाटाची दारं मी आज उतरवली. खाचा पाहिल्या. सगळ्या एकसारख्या तिरप्या, आणि कडा अशा स्वच्छ की मी हात फिरवत बसलो. खोट्या धारेने इतकं साफ काम! खरी धार हातात असती तर तू काय केलं असतंस?

या पिशवीत दोन वस्तू आहेत. एक आजोबांचा ठोकळा. कूलर आता विटेवर उभा आहे आणि आधीपेक्षा बरा उभा आहे. ठोकळ्याला आजोबांच्या बोटांचे खळगे पडले आहेत. तुझी बोटं बसतात का पाहा. माझी बसत नाहीत, माझा पंजा मोठा.

दुसरी ती पटाशी. तिला मी दगडावर घातलेलं नाही. हात शिवशिवत होते, एका दुपारचं काम होतं, पण नाही घातलं. माझी चूक माझ्याच हाताने घासून टाकली तर ती दिसणार कशी? आहे तशी तुझ्याकडे येते आहे. वाटलं तर धार सरळ कर. वाटलं तर फडक्यात तशीच ठेव आणि मी पुन्हा कधी शहाणपणा शिकवायला लागलो तर काढून दाखव.

पांगुळगाडा मात्र पाठवत नाही, बेटा. तो तू माझ्यासाठी आणला होतास. मला तो लागतो.

तुझा,
बाबा